कलेतिहास शिकायला निघालात? आधी मळवलीला उतरा

पहिल्या सत्रात मी कार्ल्याच्या चैत्यगृहावर, म्हणजे कातळात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहावर, दोन पानांचा निबंध लिहून दिला. तो परत आला तेव्हा ‘भव्य’ हा शब्द सात ठिकाणी लाल पेन्सिलीने गोल केलेला होता आणि खाली आमच्या बाईंनी एवढंच लिहिलं होतं : ‘खांब किती?’ मला माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीत मी ते लेणं पाहिलं होतं, एकवीरेच्या दर्शनाला घरच्यांबरोबर चार-पाचदा गेलो होतो. पण खांब मोजायचे असतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. असं काहीही करून या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आर्किटेक्चरवाल्यांना आणि चित्रकला शिकलेल्यांना यातला काही भाग ठाऊक असेल. त्यांनी तो सोडून पुढे जावं.

कुठल्या दाराने आत जायचं

आपल्याकडे हा विषय एका नावाखाली सापडत नाही, हा पहिला घोळ. कुठे तो ललितकला विभागात असतो, कुठे ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ या लांबलचक नावाखाली, कुठे संग्रहालयशास्त्राच्या शेजारी, तर कुठे आर्किटेक्चरच्या पोटात. दार बदललं की शिकणंही बदलतं.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखा १९५० पासून आहे आणि तिथे कलेतिहास व सौंदर्यशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. पदवीपासून शिकता येतं. आजूबाजूला मुलं माती मळतायत, ठसे काढतायत आणि आपण त्यांच्यात बसून इतिहास शिकतोय, हा तिथला फायदा. शांतिनिकेतनचं कलाभवन १९१९ चं, तिथेही अशीच हवा. दिल्लीत जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राचं एम.ए. आहे. त्यात चित्र-शिल्पाबरोबर नाटक आणि सिनेमाही येतो, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन जाता येतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज म्हणजे पुरातत्त्वाचं घर. तिथे मूर्ती आणि मंदिरं शिकाल, पण खापरं आणि उत्खननही शिकाल. उन्हात खड्ड्यात बसायची तयारी हवी. इमारतींच्या जतनात जायचं असेल तर आधी बी.आर्क. लागतं आणि मग दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या ठिकाणी पुढचं शिक्षण. मुंबईत नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पदविका आहे. तिचा भर आधुनिक आणि समकालीन कलेवर असतो.

पात्रता, फी, परीक्षेच्या तारखा दरवर्षी हलतात. त्या माहितीपत्रकातच बघा, माझ्यासारख्यांच्या लेखात नको. मी एवढंच सांगेन की विभाग निवडण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा, ‘वर्षात किती दिवस बाहेर नेतात?’ उत्तर ‘एखादी सहल असते’ असं आलं, तर बाहेर जाण्याची सोय तुम्हालाच करायची आहे हे धरून चाला.

मळवली

प्रवेशाआधीच्या सुट्टीत पुस्तकं विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. पुणे-लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. रुळांच्या दक्षिणेला भाजे, उत्तरेला हायवे ओलांडून पलीकडे कार्ले. एकाच दिवसात दोन चैत्यगृहं, मध्ये दोनेकशे वर्षांचं अंतर. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात कलेतिहासाच्या पहिल्या वर्गात दोन चित्रं शेजारीशेजारी लावून ‘फरक सांगा’ म्हणतात. हाइनरिश वोल्फलिन या स्विस अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी दोन प्रोजेक्टर वापरून ही सवय रुजवली. आपल्याकडे प्रोजेक्टरचं काम मळवली स्टेशन करतं.

बरोबर काय घ्याल? साधी वही, शिसपेन्सिल, विजेरी, पाच मीटरची टेप, पाणी. मोबाइल खिशात.

आधी भाजे, कारण ते जुनं आहे, इसवी सनापूर्वीचं. समोर उभे राहिलात की एक गोष्ट खटकेल : दर्शनी भाग उघडाच आहे. वर पिंपळपानासारखी मोठी कमान आणि खाली भिंतच नाही. ती कुणी पाडलेली नाही. दर्शनी बाजू लाकडाची होती आणि लाकूड गेलं. ते जिथे अडकवलं होतं त्या खाचा कातळात अजून आहेत, त्या शोधा. आत जा. सत्तावीस खांब आहेत, साधे अष्टकोनी, खाली बैठक नाही, वर शीर्ष नाही. आता एखाद्या खांबाच्या बाजूला उभं राहून नीट बघा. तो आत कललेला आहे. सगळेच कललेले आहेत.

का? इथे घाई करू नका, दहा मिनिटं बसा. लाकडी इमारतीला गोल छत घातलं की ते खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार खांब आतल्या बाजूला तिरके रोवतो. इथे तर सगळा एकसंध कातळ. छत काही कुणाला ढकलत नाहीये. तरी पाथरवटाने खांब तिरके ठेवले, कारण त्याला इमारत म्हणजे लाकडाचीच माहीत होती. छताला सागाचे खरे वासेही बसवलेत, ज्यांचा भार पेलायला काडीइतका उपयोग नाही. ‘काष्ठवास्तूचं पाषाणात अनुकरण’ असं पुस्तकात एका ओळीत येतं. ती ओळ पाठ करणारा आणि तो कल स्वतः पकडणारा, यांची उत्तरपत्रिका वेगळी ओळखू येते.

दुपारी कार्ले. तिथले खांब सरळ झालेत. प्रत्येक बाजूला पंधरा : खाली पायऱ्यांच्या चौथऱ्यावर घट, मग अष्टकोनी खांब, वर उलट्या कमळासारखं शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती, पाठीवर जोडपी. स्तूपाच्या मागे वळलात की एकदम सात खांब साधे, अष्टकोनी, भाज्यासारखे. दारालगतचे चार आणखी वेगळे. म्हणजे ‘खांब किती’ या प्रश्नाचं उत्तर नुसता आकडा नाही. कुठे नक्षी आहे आणि कुठे नाही, असं ते उत्तर आहे. मागचे सात साधे का? मागे कुणी बघत नाही म्हणून? प्रदक्षिणेच्या वाटेवर तर सगळेच जातात. दात्यांचे पैसे पुढच्या खांबांना मिळाले म्हणून? की जुनी पद्धत स्तूपापाशी मुद्दाम राखली? मला यातलं एक पटतं, आमच्या बाईंना दुसरं पटायचं. तुम्ही तुमचं वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

दात्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो : बऱ्याच खांबांवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहेत. विजेरी तिरकी धरा. समोरून उजेड टाकला तर अक्षरं दिसत नाहीत, बाजूने टाकला की उठून येतात. ‘थंभो दानं’ हे दोन शब्द वारंवार भेटतील. खांबाचं दान. देणाऱ्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा तसे परदेशी, आहेत. ओवरीच्या भिंतीवर वैजयंती नगरातल्या भूतपाल शेठचा लेख आहे आणि त्यात या ‘सेलघरा’ला (कातळातल्या घराला) ‘जंबुदीपम्हि उतमं’ म्हटलंय, जंबुद्वीपात सर्वोत्तम. (तेव्हा ‘भव्य’ म्हणणारा मी पहिला नव्हतो, एवढाच दिलासा.) ब्राह्मी शिकायला महिना-दीड महिना पुरतो. अक्षरांवर खडू फिरवून फोटो काढणारे महाभाग दिसतील. तसं कधीही करू नका.

बाहेर पडताना दर्शनी भिंत बघा. जोडप्यांची मोठी शिल्पं आणि त्यांच्यामध्ये बसलेले बुद्ध. दोन्ही एका काळातले नाहीत. बुद्धमूर्ती काही शतकांनंतर, आधीची नक्षी कापून घातलेल्या आहेत; कडा बघितल्या तर कापलेलं कळतं. आणि लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचं देऊळ, कोंबड्यांचा आवाज, आगरी-कोळी मंडळींच्या पालख्या. यातलं एक ‘खरं’ आणि बाकीचं ‘अतिक्रमण’ असं पहिल्याच दिवशी ठरवू नका. वास्तू वापरात राहिली की तिच्यावर थर चढतात, आणि ते थर वाचणं हेसुद्धा याच विषयाचं काम आहे.

मुंबईत असाल तर हाच खेळ ओव्हल मैदानावर करा. एका बाजूला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट : दगड, टोकदार कमानी. दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती : सिमेंट काँक्रीट, गोल कोपरे, खांबाशिवाय बाहेर आलेल्या गॅलऱ्या. मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून एकच वारसास्थळ म्हणून यादीत घेतल्या. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही; नकाशे लंडनहून आले. गोव्यात असाल तर जुन्या गोव्याच्या बॉम जेझूसपाशी उभं राहून विचारा की हे चर्च तांबडं का आणि शेजारचं सी कॅथेड्रल पांढरं का. बांधलं तेव्हा बॉम जेझूसलाही गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढला आणि आतला जांभा उघडा पडला. आज फोटोत दिसणारं ‘प्राचीन’ रूप सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं आहे.

‘हेमाडपंती’ म्हणायची घाई

नाव कळलं की बघणं थांबतं. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, म्हणून यावर थोडं जास्त बोलतो.

आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की पाटीवर ‘हेमाडपंती’ लिहिलेलं असतं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा शिलालेख आहे, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहार राजांचं देऊळ. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं! तरी तेही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच.

आता ते लेबल बाजूला ठेवा आणि सिन्नरचं गोंदेश्वर बघा. खालून वर चला : जोतं म्हणजे अधिष्ठान, त्यावर भिंतीचा भाग म्हणजे जंघा, मग शिखर. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध वर जाणारा एक उभा पट्टा दिसेल, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळीच ओळी, माळेत मणी ओवावेत तशा. याला भूमिज म्हणतात. हाच प्रकार माळव्यात सापडतो, अंबरनाथलाही आहे. मग प्रश्न येतो की माळव्यातली पद्धत इकडे कशी आली, कारागीर आले की नुसता आराखडा आला? ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळा झालेला माणूस या प्रश्नापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा वहीत नेम करा : डाव्या पानावर जे दिसतं ते, उजव्या पानावर नाव, राजवंश, शतक. डावं पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही. ‘गुप्तकालीन प्रभाव’, ‘मुघल छाप’ हे शब्दही उजव्याच पानाचे.

वाचायचं कसं

वाचन बहुतेक इंग्रजीत आहे, ते टळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन महिने जड जातं, मलाही गेलं. पण आपल्याकडे एक भांडवल आहे ज्याची वर्गातल्या बाकीच्यांना कल्पना नसते. तुळई, वासा, कोनाडा, देवळी, ओसरी, पडवी, गणेशपट्टी, दिंडीदरवाजा, कडीपाट : वाड्यात किंवा कोकणातल्या घरात वाढलेल्याला हे शब्द वस्तूसकट माहीत असतात. त्यामुळे इंग्रजी पारिभाषिक शब्द आला की त्याचा अर्थ लिहिण्याऐवजी आपल्या ओळखीची वस्तू लिहा. माझ्या शब्दसंग्रहात एका अवघड शब्दासमोर ‘आजीच्या माजघराचं आढं’ असं लिहिलेलं आहे आणि तो शब्द मी पुन्हा विसरलो नाही.

लेख वाचताना तीनच गोष्टी शोधा : लेखकाचा प्रश्न काय, पुरावा काय, आणि तो कुणाशी भांडतोय. सरावाला अजिंठ्याचा कालनिर्णय घ्या. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १८१९ च्या एप्रिलमध्ये तिथे पोचला (दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून गेला, ते अजून आहे), तेव्हापासून वाद चालूच आहे. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने उभं आयुष्य घालून मांडलं की दुसऱ्या टप्प्यातली जवळजवळ सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकातल्या वीसेक वर्षांत झाली. पुरावे म्हणून त्याने काय वापरलं? दारांच्या चौकटीतल्या बिजागऱ्यांची भोकं, अर्धवट सोडलेलं काम, घाईने केलेलं रंगकाम. अनेकांना हा काळ फार आखूड वाटतो. पटो न पटो, त्यातून एक कळतं की पाटीवरचं साल हा एका युक्तिवादाचा शेवट असतो.

जेम्स बर्जेसचे एकोणिसाव्या शतकातले लेण्यांचे अहवाल आणि जुनी जिल्हा गॅझेटियर आज इंटरनेटवर फुकट आहेत. मोजमापं आणि नकाशे त्यातून घ्या. मतं मात्र जपून घ्या. ग्रीकांशी तुलना केल्याशिवाय त्या काळच्या साहेबांना घास गिळत नसे.

निबंध आणि परीक्षा

परीक्षेत बहुधा एक भाग ‘ओळखा’चा असतो : पडद्यावर चित्र येतं, पाच-सात मिनिटं राहतं. नाव, ठिकाण, काळ, माध्यम, कुणी करवून घेतलं, आणि ते महत्त्वाचं का. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला माहिती असे पत्ते करून पाठ करा, दुसरा उपाय नाही.

निबंधाचं मात्र तंत्र आहे. माझ्या त्या दोन पानांतलं पहिलं वाक्य होतं, ‘कार्ले येथील चैत्यगृह हे अत्यंत भव्य असून भारतीय शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना आहे.’ हे वाक्य घरी बसून, लेणं न बघता लिहिता येतं. दुसऱ्यांदा लिहिलं ते असं : ‘दारातून आत आल्यावर नजर आधी खांबांच्या दोन रांगांत अडकते. खांब इतके जवळजवळ आहेत की बाजूची वाट जवळपास दिसतच नाही. उजेड फक्त वरच्या कमानीतून येतो आणि थेट स्तूपावर पडतो.’ यात एकही विशेषण कौतुकाचं नाही, पण वाचणारा आत उभा राहतो. त्यानंतर, आणि त्यानंतरच, भूतपाल आणि जंबुद्वीप.

जाण्याआधी सुट्टीचा वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी. आमचा चौघांचा गट मंगळवारी पहाटे वेरूळला पोचला होता. त्या दिवशी आम्ही घृष्णेश्वर फार बारकाईने पाहिलं.

पोटापाण्याचं

घरचे विचारणारच. खरं सांगायचं तर जागा थोड्या आहेत. पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, खासगी दालनं, लिलाव करणाऱ्या कंपन्या, वारसा जतन करणारे आर्किटेक्ट, प्रकाशनं, आणि नेट ही पात्रता परीक्षा पास होऊन कॉलेजात शिकवणं. पहिली दोन वर्षं पगार कमी असतो. कॅटलॉग करणं, चांगले फोटो काढणं, एखादी जुनी लिपी (मोडी किंवा फारसी येत असेल तर सोन्याहून पिवळं) असं एक हातातलं कौशल्य असलेल्याला काम आधी मिळतं, हे मी माझ्याच वर्गात पाहिलं.

प्रबंधिका

शेवटच्या वर्षी छोटा प्रबंध असतो. विषय निवडताना एकच निकष लावा : एसटीने सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का? अजिंठ्यावर तुम्ही नवीन काही लिहिण्याची शक्यता कमी. तालुक्यातल्या तुमच्या देवळावर कदाचित कुणीच लिहिलेलं नाही.

मी एका गावातले वीरगळ घेतले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड : खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. देवळामागे अकरा उभे होते, शेंदराने माखलेले. मी तीन शनिवार मोजमापं घेतली, वीत-टेप-फोटो सगळं. गुरव रोज बघायचा, बोलायचा नाही. चौथ्या शनिवारी मी पहिल्यांदा त्याच्या ओट्यावर चहा प्यायला बसलो आणि सहज म्हटलं, ‘काका, अकराच आहेत ना?’ तो म्हणाला, ‘इथं अकरा. बारावा विहिरीवर आहे, पालथा. बाया त्यावर धुणं आपटतात. उलटा करायचा असेल तर दोघंजण घेऊन या, आणि सोमवारी नको, बाजार असतो.’